गुंता सोडवताना

या महिन्याच्या टपालात हेअर स्पा आणि डीप कंडिशनिंगचेच प्रश्न जास्त आहेत. सांगलीत विश्रामबागेत माझं पार्लर आहे, तिथंही लग्नसराई जवळ आली की हेच विचारणं सुरू होतं. सारख्या पत्रांमधलं एकेक निवडलं आहे. शेवटचं पत्र आटपाडी तालुक्यातून आलं आहे आणि त्याला जागाही जास्त दिली आहे. ज्यांच्या केसांची काहीच तक्रार नाही त्यांनीसुद्धा ते वाचावं अशी माझी विनंती आहे.

कॉलेजला आहे. दिवाळीत केस हायलाइट करून घेतले, रोज स्ट्रेटनरही फिरवते. आता टोकं खराट्यासारखी झालीत. पार्लरमध्ये बाराशे रुपयांचा स्पा केला, आठ दिवस केस छान मऊ राहिले, मग परत तसेच. स्पानं केस दुरुस्त होतात का? घरी करता येईल का? (एक वाचक, तासगाव)

दुरुस्त होत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या धंद्यात ते स्पष्ट सांगायची पद्धत नाही. केसाचं जिवंत मूळ टाळूच्या आत असतं. बाहेर जो केस दिसतो तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा निर्जीव तंतू. महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे वेणी कमरेपर्यंत असेल तर तिच्या टोकानं चार-पाच उन्हाळे पाहिलेले असतात. तेवढी वर्षं ऊन, धूळ, कंगवा, रबरबँड आणि आता तुझं स्ट्रेटनर त्यानं सोसलं आहे.

केसाच्या अंगावर बारीक खवले असतात, कौलांसारखे एकावर एक बसलेले. ब्लीच आणि उष्णतेनं ते उचकटतात, तुटतात. मग केसाला केस अडकतो, हाताला खरखर लागते, चमक जाते. शाम्पू केलेल्या ओल्या केसावर ऋण विद्युतभार असतो आणि कंडिशनरमधल्या मुख्य घटकांवर धन. त्यामुळं ते केसाला जाऊन चिकटतात, आणि जिथं इजा जास्त तिथंच जास्त चिकटतात. बाटलीमागच्या यादीत ‘बेहेनट्रायमोनियम’ किंवा ‘सेट्रिमोनियम’ असलं नाव वाचशील, तेच हे घटक. ‘सिटाइल अल्कोहोल’ वाचून घाबरू नकोस. ते मेणासारखं स्निग्ध असतं, केस कोरडे करत नाही. डीप कंडिशनरमध्ये हेच सगळं जास्त प्रमाणात असतं आणि ते जास्त वेळ ठेवायचं असतं. पुढच्या दोन-चार न्हाण्यांत तो थर धुऊन जातो. तुझे आठ दिवस ते हेच. पार्लरवालीनं फसवलं असं नाही, पण ‘आता केस रिपेअर झाले’ असं ती म्हणाली असेल तर ते मात्र खरं नाही.

घरी नक्की करता येईल. केस शाम्पूनं धू. मग जुन्या सुती टी-शर्टनं पाणी टिपून घे. टॉवेलनं खसाखसा पुसायचं नाही. केस गळत्या पाण्याचे असतील तर मास्क, म्हणजे डीप कंडिशनर, वाहून जातो, अगदी कोरडे असतील तर नीट पसरत नाही. केस नुसते दमट असावेत. चार भाग कर. कानाच्या पातळीपासून खाली, टोकाकडं हात ओढत मास्क लाव आणि टाळू सोडून दे. प्रत्येक बट दोन बोटांच्या चिमटीत धरून वरून खाली सरकव. बोटं न अडखळता खाली आली की त्या बटेला पुरेसं लागलं असं समज. मग मोठ्या दातांचा कंगवा एकदा फिरव, केस वर गुंडाळ, प्लास्टिकची टोपी घाल आणि गरम पाण्यात बुडवून घट्ट पिळलेला पंचा वरून बांध. पार्लरचं स्टीमर तेच काम करतं. वीस मिनिटं ते अर्धा तास बास झाला. रात्रभर ठेवून जास्त काही मिळत नाही, उलट केस तासन्‌तास ओला राहून फुगतो आणि फुगलेला केस लवकर तुटतो. आठवड्यातून एकदा कर. केस चप्पट आणि तेलकट वाटायला लागले तर पंधरा दिवसांवर ने.

स्ट्रेटनर रोजचं सोड. ते सुटत नसेल तर या सगळ्याचा उपयोग नाही. आणि फाटे फुटलेली टोकं दोन बोटं कापून टाक, त्यांना जोडणारं क्रीम जगात कुठंही मिळत नाही.

आमच्याकडं बोअरचं पाणी. बादलीला, नळाला पांढरा थर बसतो. सून म्हणून या घरात आल्यापासून केस काथ्यासारखे झाले. माहेरी पलूसला असे नव्हते. कंडिशनर कितीही लावलं तरी उपयोग नाही. (एक वाचक, विटा)

तुमचा अंदाज बरोबर आहे, पाण्याचंच काम आहे. त्या पांढऱ्या थरात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि ते केसावरही बसतात. थर बसलेल्या केसावर कंडिशनर नीट धरत नाही. त्यातून तुम्ही अंगाच्या साबणानं केस धूत असाल तर आजच थांबवा. साबण आणि क्षार एकत्र आले की चिकट पांढरा साका तयार होतो आणि तो पाण्यानं निघत नाही. न्हाऊनसुद्धा केस मेणचट का लागतात, याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. शाम्पूचा असा साका होत नाही, शिकेकाईचाही नाही.

पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालेल, असं भारतीय मानक आहे. आपल्या पूर्व भागातल्या कितीतरी बोअरचं पाणी चवीलाच कळतं. भूजल सर्वेक्षणाच्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळतं, एकदा तपासून घ्या. ते पाणी घरातली लहान मुलंही पितात.

न्हाण्यापुरतं हे करा. सगळं न्हाणं बोअरच्या पाण्यानं होऊ दे, पण शेवटचे दोन तांबे पिण्याच्या जारचं किंवा पावसाळ्यात पागोळीचं धरलेलं पाणी घ्या. पंधरवड्यातून एकदा दोन तांबे पाण्यात अर्धं लिंबू पिळून, बिया आणि चोथा गाळून, ते केसांवरून ओता. मिनिटभर थांबून साध्या पाण्यानं धुऊन टाका. आंबटपणानं क्षार सुटतात. डोक्यावर खरचटलेलं असेल तर लिंबू नको. महिन्यातून एखाद्या वेळी यादीत ‘ईडीटीए’ असलेला शाम्पू वापरा, तो क्षार धरून बाहेर काढतो. आधी हा थर काढा आणि मग कंडिशनर लावा. लावायचं प्रमाण तेच ठेवा, गुण वेगळा येईल.

कंडिशनर लावून धुताना हातात केसच केस येतात. कंडिशनरनं टक्कल पडतं का? वय सत्तावीस. (एक वाचक, कराड)

नाही. दिवसाला पन्नास ते शंभर केस सगळ्यांचेच गळतात. ते इतर केसांत अडकून बसलेले असतात आणि केस निसरडे झाले की एकदम सुटून हातात येतात. पण कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून किंवा भोवऱ्यापाशी केस विरळ होत असतील तर त्वचारोगतज्ज्ञांकडं जा आणि लवकर जा. त्यावर औषध आहे आणि जितकं लवकर सुरू कराल तितके केस वाचतात.

अंडं, दही, केळं, मेयोनीज, जास्वंद, जवस... मोबाइलवर बघून सगळं करून झालं. यातलं खरं काय? (एक वाचक, मिरज)

अंड्यातलं प्रथिन केसाला मिळतं हा गैरसमज घट्ट बसला आहे. त्या प्रथिनाचे कण इतके मोठे असतात की ते केसाच्या आत जाऊच शकत नाहीत. बाजारच्या मास्कमध्ये प्रथिनांचे तुकडे केलेले असतात, ते थोडेफार जातात. अंडं लावून गरम पाण्यानं धुतलं तर ते केसातच शिजतं आणि मग वास आणि कणी काढताना जीव नकोसा होतो. केळ्याचंही तेच, वाळलेले धागे दोन दिवस केसांतून निघत राहतात. मेयोनीज म्हणजे बहुतांशी तेलच, त्याला इतके पैसे कशाला? दह्याच्या आंबटपणानं थोडी चमक येते, लावायचं तर पंधरा मिनिटं लावा.

जास्वंदीची पानं आणि जवस मात्र मला मनापासून आवडतात. दोन्हींत बुळबुळीत चीक असतो. तो केसावर पातळ थर धरतो आणि कंगवा सरकन फिरतो. दोन चमचे जवस दोन कप पाण्यात उकळा आणि अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखं दाट झालं की लगेच, गरम असतानाच, फडक्यातून गाळा. गार झाल्यावर गाळायला गेलात तर ते फडक्यातून उतरतच नाही. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं.

आणि तुम्ही ज्याचं नावच घेतलं नाही ते खोबरेल तेल. २००३ साली मुंबईतल्या रेले आणि मोहिले या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुताना केसातलं जे प्रथिन निघून जातं ते कमी करण्याचं काम तिघांपैकी एकट्या खोबरेलनं केलं. त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरू शकतं. म्हणून ते न्हाण्याच्या आदल्या रात्री किंवा निदान दोन-तीन तास आधी केसांना लावायचं. आपल्या आज्या शनिवारी रात्री तेल लावून रविवारी न्हाऊ घालायच्या, ते अगदी बरोबर होतं. डोक्यात कोंडा असेल तर तेल टाळूला लावू नका, नुसतं केसांच्या लांबीला लावा. कोंड्यामागची बुरशी तेलावरच पोसते.

बहिणीचं लग्न आहे. केराटिन करून घ्यावं म्हणते, सहा महिने केस सरळ राहतात म्हणे. मैत्रिणीच्या वेळी पार्लरमध्ये सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते नॉर्मल असतं का? (एक वाचक, सातारा)

नाही, ते चालवून घेऊ नका. डोळे चुरचुरतात आणि घसा धरतो ते फॉर्माल्डिहाइडच्या वाफेनं. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातलं आहे. ‘फॉर्माल्डिहाइड फ्री’ लिहिलेल्या पुष्कळ बाटल्यांत ग्लायऑक्सिलिक आम्ल असतं. इस्त्रीच्या उष्णतेनं त्यातूनही फॉर्माल्डिहाइड सुटू शकतं. शिवाय असं सरळीकरण करून घेतल्यावर काही जणींच्या मूत्रपिंडाला अचानक इजा झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं आहे. आमच्याकडं मी हे करत नाही. बंद एसी खोलीत दिवसातून तीन-तीन वेळा ती वाफ घेणाऱ्या मुली विशी-बाविशीतल्या असतात, त्यांचा विचार कुणी करत नाही. नावात केराटिन आहे म्हणून ते पोषण नव्हे. लग्नाला दोन दिवस असताना एक चांगलं डीप कंडिशनिंग आणि त्या दिवशी एक ब्लो ड्राय एवढ्यानं फोटो उत्तम येतात.

बाळ साडेतीन महिन्यांचं आहे. केस पुंजक्यानं जातायत. कुठला मास्क लावू? (एक वाचक, वाई)

मास्कनं हे थांबणार नाही, आणि घाबरूही नका. गरोदरपणात जे केस गळायचे थांबलेले असतात ते बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी एकदम गळतात. बहुतेकींचे केस वर्षभरात पूर्ववत होतात. डॉक्टरांना सांगून रक्तातलं लोह आणि थायरॉइड तपासून घ्या. नीट जेवा आणि केस घट्ट ओढून बांधू नका.

ताई, माझी चुलत बहीण चौदा वर्षांची आहे. टायफॉइडनं महिनाभर अंथरुणाला होती. तेव्हापासून मानेजवळ केसांचा गोळा झालाय, अंगठ्याएवढा. आजी म्हणते देवीची जट आहे, कंगवा लावायचा नाही, हळदकुंकू लावते. काकू घाबरल्यात. पार्लरमधल्या कंडिशनरनं तो सुटेल का? की खरंच हात लावू नये? (एक वाचक, आटपाडी तालुका)

हात लाव. आणि लवकर लाव, जमलं तर याच आठवड्यात.

तो गोळा कसा झाला ते आधी सांगते. महिनाभर पोर उशीवर पडून होती. तापाचा घाम, डोक्याला तेल नाही, पाणी नाही, कंगवा नाही. मान इकडून तिकडं वळली की मानेजवळचे केस उशीवर घासतात आणि खवल्यात खवला अडकतो. मोठ्या तापानंतर केस गळतातही जास्त. ते खाली पडायच्या ऐवजी त्या गुंत्यात अडकतात आणि गोळा घट्ट होत जातो. मग कंगवा लावला की दुखतं, म्हणून लावत नाहीत. आणि एकदा देवीचं नाव दिलं की कुणी लावूही देत नाही. जट वाढते ती अशी. आजार, बाळंतपण, घरातलं दुःख, अतोनात काम, यांत बाईच्या डोक्याकडं बघायला कुणाला सवड नसते. मला भेटलेल्या जटांची सुरुवात अशाच एखाद्या काळात झालेली होती.

पोलंडमध्ये जुन्या काळी असल्या जटा इतक्या दिसायच्या की वैद्यकात त्यांना ‘प्लायका पोलोनिका’ हेच नाव पडलं. तिथंही लोक समजत की ती कापली तर माणूस आजारी पडेल, आंधळा होईल. तिथं ना यल्लम्मा देवी, ना तिचं सौंदत्तीचं देऊळ. केस तेच, भीती तीच. आजीला हे सांगून बघ.

आता प्रत्यक्ष काम. आधी पाणी किंवा शाम्पू लावू नकोस. गुंता चोळून धुतला की तो आवळतो. कोरड्या गोळ्यालाच साधं, स्वस्त, पातळसर कंडिशनर भरपूर लाव, वाटीभर लागलं तरी चालेल. बोटांनी आत दाबत जिरव आणि अर्धा तास थांब. मग तिला उजेडात बसव, मान दुखू नये म्हणून समोर उशी दे. गोळ्याच्या वरचे केस एका हातानं मुळाशी घट्ट धर, म्हणजे ओढ टाळूला बसत नाही. दुसऱ्या हातानं गोळा खालच्या टोकाकडून उभा फाकव, अंगठ्यानं आणि बोटांनी, जसा सुटेल तसा. शेपटीच्या कंगव्याचं टोक आत घालून एकेक पदर बाहेर ओढ. कंगव्याचे दात सगळ्यात शेवटी. वाळायला लागलं की पुन्हा कंडिशनर. एका बैठकीत नाही झालं तर दुसऱ्या दिवशी पुढं चालव. पोर रडायला लागली तर थांब.

सुटताना केसांचा मोठा पुंजका हातात येईल. ते मुळापासून आत्ता उपटलेले केस नव्हेत, इतक्या दिवसांत गळून आत अडकलेले आहेत. हे काकूंना आणि आजीला आधीच सांगून ठेव, नाहीतर तो पुंजका बघून ‘देवी कोपली’ असं घरात सुरू होईल. खाली उवा-लिखा दिसल्या तर कंडिशनर लावलेल्या केसांतच फणी फिरव. निसरड्या केसांत उवांची हालचाल मंदावते आणि त्या फणीला येतात. दर तीन-चार दिवसांनी, दोन आठवडे असं करायचं. टाळूवर जखम, पू किंवा दुर्गंधी असेल तर आधी डॉक्टर. सगळं सुटल्यावर शाम्पू, पुन्हा कंडिशनर, आणि रोज रात्री सैल वेणी.

नाहीच सुटला तर कात्रीनं कापा. मानेजवळचा अंगठ्याएवढा भाग कापला तर वरच्या केसांत दिसतही नाही. तिला काही होणार नाही. कितीतरी बायकांच्या हातभर लांब, वर्षानुवर्षांच्या जटा या महाराष्ट्रात कापल्या गेल्या आहेत. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते हे काम करतात. साताऱ्याचे आणि मिरजेत डॉक्टरकी शिकलेले नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये ती सुरू केली. हे कार्यकर्ते घरी येतात, घरच्यांशी बोलतात, बाईचा होकार घेतात आणि मगच कात्री लावतात. माझ्या खुर्चीत एका बाईची जट उतरवली तेव्हा तिनं पहिल्यांदा मान डावीकडं वळवली, मग उजवीकडं, आणि विचारलं, ‘आता उताणं झोपता येईल का?’

आजीवर चिडू नकोस. त्यांनी लहानपणापासून हेच ऐकलंय आणि नातीचं वाईट होऊ नये म्हणूनच त्या हळदकुंकू लावतायत. त्यांना शेजारी बसवूनच काम कर, कंडिशनरची वाटी त्यांच्या हातात दे. पण एका गोष्टीत अजिबात ढिलाई नको. जट आली म्हणून पोरीला देवाला सोडायची भाषा घरात किंवा गावात कुणी काढली तर तो गुन्हा आहे. महाराष्ट्रात २००५ चा देवदासी प्रथा निर्मूलन कायदा आहे. शाळेतल्या बाईंना, पोलिसपाटलांना, समितीच्या लोकांना लगेच सांग, आणि मासिकाच्या पत्त्यावर मला कळव.

आटपाडीहून तिला घेऊन सांगलीला यायला जमत असेल तर सोमवारी या. त्या दिवशी पार्लर बंद असतं, दुसरं कुणी नसतं, त्यामुळं तिला लाज वाटायचं कारण नाही. आजींनाही आणा. या कामाचे मी पैसे घेत नाही.